शनिवारी पाहुणे बदलायचे

मे महिना लागला की आम्ही आमच्याच घरातून उठून माळ्यावर राहायला जायचो. खालच्या माझ्या खोलीतले कपडे काळ्या प्लास्टिकच्या पिशव्यांत, बाबांची पुस्तकं जिन्याखाली, आणि बुद्धाची छोटी पितळी मूर्ती आई स्वतः दोन्ही हातांत धरून वर न्यायची. माळ्याचं छत इतकं उतरतं होतं की बाबांना फक्त मधोमध सरळ उभं राहता यायचं. तिथे तीन गाद्या, एक टेबल आणि एक चौकोनी खिडकी. खिडकीतून समुद्र दिसायचा, पण त्यासाठी स्टुलावर चढावं लागे. ऑक्टोबर सरत आला की आम्ही परत खाली. मधल्या काळात खालचं घर दुसऱ्यांचं असायचं. रात्री तहान लागली तरी मी जिन्याच्या कडेकडेने पाय टाकत स्वयंपाकघरात जायची, कारण मधली पायरी करकरायची आणि पैसे देऊन झोपलेल्या माणसांना आवाज चालत नाही.

घर आयल ऑफ वाइटवर होतं. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याला खेटून असलेलं हे बेट. पोर्ट्समथच्या धक्क्यावर उभं राहिलं तर समोर दिसतं, पण मध्ये समुद्र आहे, फेरीने जावं लागतं. पलीकडे पिअरवर, म्हणजे समुद्रात शिरलेल्या लांब धक्क्यावर, उतरलं की पुढे जायला एक छोटी रेल्वे. तिचे डबे म्हणजे लंडनच्या ट्यूबमधून काढून टाकलेले म्हातारे डबे. जन्मभर जमिनीखाली धावलेल्या त्या गाड्या आमच्याकडे उन्हात धावायच्या. “रिटायर होऊन बीचवर आल्यात,” असं बाबा प्रत्येक नव्या गेस्टला सांगायचे, आणि प्रत्येक गेस्ट हसायचा. आम्ही त्या बेटावर का आणि कसे पोचलो, हे सांगायला वेगळं पुस्तक लागेल. एवढंच सांगते की आईला तिथल्या हॉस्पिटलमध्ये नर्सची नोकरी लागली म्हणून आम्ही नागपूर सोडलं. बाबा नागपुरात कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायचे, ते इथे त्यांना कोणी शिकवू दिलं नाही. काही वर्षं इकडेतिकडे काढून शेवटी त्यांनी प्रॉमनाडवरचं, म्हणजे समुद्रकाठच्या रस्त्यावरचं, हे उंच, अरुंद घर घेतलं, खिडकीत ‘बेड अँड ब्रेकफास्ट’ची पाटी लावली आणि अर्थशास्त्र आम्हां दोघींना शिकवायला सुरुवात केली.

जेवताना त्यांचा तास चालायचा. “इथे पिकतं काय? थोडे टोमॅटो, थोडा लसूण. बाकी सगळं फेरीतून येतं. दूध फेरीतून, पाव फेरीतून, आणि ते विकत घेणारा माणूस तोही फेरीतूनच येतो.” मग काटा हवेत धरून, “आणि हे फक्त आपल्या बेटाचं नाही गं मित्रा. हा सगळा देशच एक मोठं बेट आहे. एके काळी जगभर जाऊन माल विकत होते. आता गिरण्या गेल्या, खाणी गेल्या. उरलं काय, तर राजवाडे, पाऊस आणि समुद्रकिनारा. तेच विकायचं. आपण त्या दुकानाचा शेवटचा काउंटर.” मित्रा हे माझं नाव. आई म्हणायची, “काउंटरवर उभं कोण असतं ते पण सांगा पोरीला.” कारण काउंटरवर आईच असायची. तिने हॉस्पिटल सोडलं होतं. फक्त हिवाळ्यात, घर रिकामं असताना, एका नर्सिंग होममध्ये कामाला जायची. उन्हाळाभर पहाटे उठून बेकन, सॉसेजेस, अंडी, बीन्स, तळलेला ब्रेड. त्या तुपकट धुराने तिच्या केसांना एक वास लागलेला असायचा जो ऑक्टोबरपर्यंत जात नसे. आमचं जेवण गेस्ट बीचवर गेल्यावर व्हायचं. मागचं दार सताड उघडं, पंखा चालू, आणि मग कुकरची शिटी. झुणका, ज्वारीची भाकर, लंडनमधल्या वेम्बलीहून आणलेल्या आंबाडीची भाजी. लसणाची फोडणी घातली की आई नाक वर करून हॉलमध्ये जाऊन वास पुढपर्यंत पोचला का ते बघून यायची.

तिला ‘पाहुणे’ हा शब्द त्या लोकांसाठी वापरलेला आवडत नसे. “पाहुण्याला कधी जाणार म्हणून विचारत नाहीत. ह्यांना तेच आधी विचारावं लागतं,” ती म्हणायची. तरी तोंडात तोच शब्द यायचा, कारण गेस्ट म्हटलं की बाबांची नक्कल केल्यासारखं वाटायचं. शनिवारी पाहुणे बदलायचे. सगळ्या बेटावर तीच रीत होती. सकाळी सगळे निघायचे, दुपारी नवे यायचे. फेरी एका दिशेने लाल नाकाचे लोक नेत असे आणि दुसऱ्या दिशेने पांढऱ्या नाकाचे आणत असे. मधल्या थोड्या तासांत सगळं घर धुऊन, पुसून, चादरी बदलून असं करायचं की इथे आधी कोणी झोपलंच नव्हतं. शाळेतल्या माझ्या सगळ्या मैत्रिणी शनिवारी कुठे ना कुठे चादरीच बदलत असत. आमच्या गावातल्या मुलींना शनिवारचं लग्न, शनिवारची पार्टी, शनिवारचा सिनेमा यांतलं ऑगस्टमध्ये काही माहीत नव्हतं.

त्या शनिवारी ऊन कडक होतं. समोरच्या मोठ्या खोलीत, जिला आम्ही ‘समुद्राची खोली’ म्हणत असू, आई पलंगाच्या खिडकीकडच्या बाजूला होती आणि मी दाराकडच्या. मी सोळा वर्षांची होते. रेडिओ चालू होता. आम्ही काही महत्त्वाचं बोलत नव्हतो. मला वाटतं, मागच्या खोलीतल्या माणसाने टॉवेलला शू पॉलिश पुसलं होतं, त्याबद्दल बोलत होतो. आईने चादर झटकली, माझ्याकडे फेकली आणि म्हणाली, “तुझ्या बाजूने ओढ.” मी ओढली. चादर सगळीच्या सगळी माझ्याकडे आली. मी हसले, मला वाटलं तिने मुद्दाम सोडली. मग मी पाहिलं तर पलंगाच्या पलीकडे ती नव्हती.

डोक्यातली रक्तवाहिनी फुटली होती, हे नंतर कळलं. त्यात कोणाचा काही दोष नव्हता, कोणाला काही आधी कळलंही नसतं, असं कुसुममावशीने मला पुढे किती वेळा सांगितलं असेल. अँब्युलन्स लवकर आली. बाबा तिच्याबरोबर बसले. दार लावता लावता मला म्हणाले, “तू थांब. दुपारी लोक येतील.” मी मान हलवली. गाडी प्रॉमनाडवरून गेली तेव्हा आइस्क्रीमच्या रांगेतल्या सगळ्यांनी वळून पाहिलं आणि मग परत पुढे पाहिलं. मी वर गेले. चादर जमिनीवर पडली होती. ती मी झटकली, पलंगावर घातली, एका बाजूने खोचली, मग फिरून आई उभी होती त्या बाजूला गेले आणि ती बाजूही खोचली. कोपरे हॉस्पिटलसारखे दुमडायचे, हे आईने शिकवलेलं. तसे दुमडले. उशांचे अभ्रे घातले. खिडकी उघडली. मग बाकीच्या खोल्या केल्या.

आज माझी मुलगी मला विचारते, तिच्या इंग्लंडमध्ये वाढलेल्या मराठीत, “आई, आजी कसा गेला?” मी तिला ‘कशी गेली’ म्हण असं सांगते, आणि मग पुढचं सांगायचं राहून जातं. म्हणून हे लिहायला घेतलं. आता पन्नाशी ओलांडल्यावर मी तिला खरं सांगू शकते की त्या दुपारी मला भीती वाटत नव्हती, रडू येत नव्हतं, काहीच होत नव्हतं. थंडीत बोटं बधिर होतात तेव्हा आपण चहाचा कप धरतो, पण कप गरम आहे हे कळत नाही. तसं. काम मात्र सगळं नीट होत होतं.

पहिली बेल वाजली. लेस्टरकडचं एक तरुण जोडपं होतं, दोन लहान मुलं, बादल्या, फावडी, फुगवायची मगर. समुद्राची खोली त्यांचीच. मी हसून आत घेतलं. ते हॉलमध्ये बॅगा ठेवत असतानाच फोन वाजला. फोन हॉलमध्येच, भिंतीवर होता.

“मित्रा,” बाबा म्हणाले.

“हं, बाबा.”

“आई गेली गं.”

लहान मुलगा माझ्याकडे बघत होता. त्याची आई त्याच्या सँडलमधली वाळू काढत होती. फेरीतून उतरल्या उतरल्या ते बीचवर जाऊन आले होते. मराठी कोणाला कळत नव्हतं. मी माझ्या आईबद्दल त्या हॉलमध्ये काहीही मोठ्याने बोलू शकले असते.

“बरं,” मी म्हणाले.

“लोक आले?”

“आत्ताच आले. समुद्राची खोली.”

“त्यांना वर सोड. मी येतो.”

मी फोन ठेवला आणि त्यांना सांगितलं की ब्रेकफास्ट आठ ते साडेनऊ, गरम पाणी सकाळी जास्त येतं, पुढच्या दाराची किल्ली ही. मग त्यांना वर नेलं. बाईने समुद्र पाहिला आणि म्हणाली, काय सुंदर खोली आहे. दोन्ही मुलं बुटांसकट पलंगावर चढून उड्या मारायला लागली. ती त्यांना रागावली आणि मला सॉरी म्हणाली. मी म्हणाले, काही हरकत नाही.

बाबा संध्याकाळी आले तेव्हा घर भरलेलं होतं. आम्ही माळ्यावर बसलो. ते बराच वेळ बूट काढत होते. मग म्हणाले, “कोणाला सांगू नको. म्हणजे, खालच्यांना. सुट्टीवर आलेत लोक. वर्षभर साठवून हा एक आठवडा घेतलाय त्यांनी.” मला ते पटलं. अजूनही अर्धं पटतं. दुसरीकडे पाठवायचं म्हटलं तर ऑगस्टमध्ये बेटावर एक खोली रिकामी नव्हती, आणि आमचं वर्षाचं पोट त्या थोड्या आठवड्यांवर होतं. पण बाबा तो हिशेब करत होते असं मला वाटत नाही. त्यांना फक्त दुसरं काही करता येत नव्हतं. सकाळी उठून त्यांनी बेकन तव्यावर टाकलं, मी प्लेट्स नेल्या. एक टोस्ट करपला, एवढंच.

“फोनवर तुझ्या आईशी बोलले होते. ती दिसत नाही?” लेस्टरच्या बाईने विचारलं.

“ती बाहेर गेलीय.”

“छान कुठेतरी?”

“हो,” मी म्हणाले, आणि चहा ओतला.

खिडकीजवळच्या टेबलावर हार्डिंग पतिपत्नी बसलेले असत. ते मिडलंड्समधले, म्हातारे, दर वर्षी त्याच दिवसांत दोन आठवडे येणारे. म्हाताऱ्याने जन्मभर बस चालवली होती. आईला ते ‘मिसेस एम’ म्हणत, आमचं मेश्राम आडनाव त्यांच्या जिभेवर बसत नसे म्हणून. मिसेस हार्डिंगनी माझ्याकडे पाहिलं, पण काही विचारलं नाही. आई सांगितल्याशिवाय कुठे जाणारी नाही, ऑगस्टमध्ये तर नाहीच, हे त्यांना माहीत होतं.

कुसुममावशी रविवारी दुपारी लंडनजवळच्या वॉटफर्डहून आली. आईची धाकटी बहीण, तीही नर्स, बाळंतपणं करणारी मिडवाइफ. आवाज असा की कॉरिडॉरच्या टोकाची बाई जोर लावेल. फेऱ्या भरलेल्या होत्या. तिला दोन सोडाव्या लागल्या, तिसरीत मुलांच्या बादल्यांमध्ये उभं राहून ती आली. दारात मला धरलं आणि तिथेच रडायला लागली. वरच्या जिन्यावरून कोणीतरी खाली येत होतं. मी म्हणाले, “मावशी, वर चल.” तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं. ती नजर मला तेव्हा समजली नाही. आता माझी मुलगी कधी फार शहाण्यासारखी बोलते तेव्हा माझी तशीच नजर होत असेल.

अंत्यसंस्कार गुरुवारी ठरला. भांडण सोमवारी झालं, स्वयंपाकघरात, गेस्ट जेवायला बाहेर गेले नव्हते म्हणून हळू आवाजात. भिंतीपलीकडे लाउंजमध्ये टीव्ही चालू होता. इतक्या हळू भांडताना मी माणसं कधी पाहिली नाहीत.

“ताईला घरी आणायचं,” मावशी म्हणाली. “घरात वंदना व्हायला पाहिजे. मग पुढे.”

“तिथे क्रिमेटोरियमला हॉल आहे. तिथेच सगळं होईल, कुसुम.”

“तिच्या घरातून नाही निघणार ती? काहून?”

“कुठे ठेवू?” बाबा म्हणाले. त्यांच्या हातात कांदा होता, तो ते सोलत नव्हते. “सांग ना मला. माळ्यावर पेटी चढत नाही, जिना वळतो. खाली लाउंज गेस्टचं. डायनिंग रूम गेस्टची. समुद्राच्या खोलीत लेस्टरवाले, मागे ते दोघे, शेजारी हार्डिंग. तू घर बघितलंस. कुठली खोली आपली आहे, ते तू सांग. मी तिथे ठेवतो.”

“भाऊजी, ती मेली आहे. तुमच्या गेस्टना सांगा ना बाहेर जा म्हणून.”

बाबा कांद्याकडे बघत राहिले. ते हट्टाने गप्प नव्हते. नागपुरात भर वर्गात उभं राहून बोलणारा हा माणूस या देशात कोणाला काही माग, नको म्हण, जा म्हण, असं कधी करू शकला नव्हता. ते काम आईचं होतं. मावशी म्हणाली, “माझी बहीण या लोकांच्या चादरी ओढता ओढता गेली.” बाबा म्हणाले, “माहीत आहे.” टीव्हीवर कोणीतरी जिंकलं असावं, पलीकडे टाळ्या वाजल्या.

मी ते ठरवून केलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दोन प्लेट्स घेऊन डायनिंग रूममध्ये गेले, त्या हार्डिंगांच्या टेबलावर ठेवल्या आणि तिथेच उभी राहिले. मला आठवतं की मी ट्रे पोटाशी धरला होता. मग मी, रोज ब्रेकफास्टच्या वेळा सांगते तशा आवाजात, सगळ्यांना सांगितलं की माझी आई बाहेर गेलेली नाही. ती शनिवारी वारली. गुरुवारी तिला घरी आणायचं आहे आणि आम्हाला लाउंज लागेल. तर गुरुवारी सकाळी लवकर बाहेर पडून दुपारपर्यंत परत येऊ नका, तशी विनंती आहे.

लेस्टरच्या बाईचा चेहरा हळूहळू लाल झाला. ‘छान कुठेतरी’ हे तिला आठवलं असणार. मला तिला सांगावंसं वाटलं की त्याचं काही नाही, पण ते मोठ्याने कसं सांगणार. मिस्टर हार्डिंग खुर्ची मागे सारून उभे राहिले. एवढंच. थोडा वेळ उभे राहिले आणि बसले. मागच्या टेबलावरचा एक माणूस म्हणाला, “अर्थात, बाळ. अर्थात.” मग लहान मुलाने केचप मागितलं आणि मी ते आणायला गेले. स्वयंपाकघरात बाबा तव्यापाशी उभे होते. दार उघडंच होतं, त्यांनी सगळं ऐकलं होतं. तव्यातल्या अंड्याच्या कडा काळ्या झाल्या होत्या. त्यांनी ते काढून टाकलं, दुसरं फोडलं आणि विचारलं, “कोणाचं?”

गुरुवारी पाऊस पडला. इंग्लंडच्या ऑगस्टमधला तो आडवा, थंड पाऊस, ज्यात बीच रिकामा होतो आणि सगळं गाव दारं उघडून बसतं, कारण भिजलेला टूरिस्ट कुठेतरी आत शिरणार आणि काहीतरी विकत घेणार. गेस्ट सकाळीच बाहेर पडले होते. थोड्या वेळाने वेम्बली आणि क्रॉयडनहून आमची माणसं यायला लागली. पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे, वरून रेनकोट, आणि फेरीत त्यांच्या शेजारी बसलेले लोक रबरी चपला घालून सुट्टीला आलेले. वेम्बलीचे रामटेकेकाका म्हणाले की फेरीत एका पोराने त्यांना विचारलं, तुम्ही क्रिकेट खेळायला चाललाय का. कोणी हसलं नाही, पण ते ऐकून सगळ्यांना जरा बरं वाटलं. दारात ‘जयभीम’, आणि मग गळ्यात पडणं. आईला लाउंजमध्ये ठेवलं. टीव्हीवर मावशीने पांढरी चादर टाकली. बुद्धाची मूर्ती माळ्यावरून खाली आली. काकांनी त्रिसरण सुरू केलं, मग पंचशील, आणि त्या खोलीत, जिथे बोर्ड गेम्सचे खोके आणि फेरीच्या वेळापत्रकांचा स्टँड होता, पहिल्यांदाच आमच्या माणसांचे आवाज भरले. आईने मावशीची हिरवी रेशमी साडी नेसली होती. म्हणजे, नेसवली होती. ती तिला कधी नेसायला मिळाली नसती. तव्यापाशी अशा साड्या चालत नाहीत.

मी खिडकीपाशी उभी होते. पडदा सारायचा म्हणून मी बाहेर पाहिलं. प्रॉमनाडच्या पलीकडच्या कडेला, समुद्राला पाठ करून, बसथांब्याचं एक काचेचं शेल्टर होतं. त्यात आमचे गेस्ट होते. सगळे. लेस्टरचे नवरा-बायको, मुलं, बगलेत मगर, मागच्या खोलीतले दोघे, हार्डिंग पतिपत्नी. पावसात त्यांना जायला जागाच नव्हती. कॅफे भरलेले असणार, गाडी फक्त एकाकडे. ते आत येत नव्हते. मी दुपारपर्यंत येऊ नका म्हणाले होते. बस आली, थांबली, त्यांच्यातलं कोणी चढलं नाही, बस गेली. मिस्टर हार्डिंगनी टोपी काढून हातात धरली होती आणि आडव्या सरींनी त्यांचं टक्कल भिजत होतं. मी बाबांची बाही ओढली. बाबा खिडकीशी आले, बाहेर बघितलं. मग त्यांनी पडदा, मी सारत होते तो, पूर्ण उघडला.

पेटी बाहेर काढली तेव्हा ते शेल्टरमधून बाहेर येऊन पावसात उभे होते. रस्ता ओलांडून कोणी आलं नाही. गाडी हळू निघाली.

क्रिमेटोरियमचं मला फार आठवत नाही. परत आलो तर सगळे हॉलमध्ये ओले उभे होते आणि मावशी, जी सकाळपर्यंत त्यांना ‘हे तुमचे गेस्ट’ म्हणत होती, एकेकाला टॉवेल देत होती. मला म्हणाली, “बसव त्यांना. उपाशी असतील.” डायनिंग रूममध्ये आमची आणि त्यांची माणसं मिसळून बसली आणि मावशीने सगळ्यांना वरण-भात वाढला. मिस्टर हार्डिंगनी दुसऱ्यांदा घेतला. लेस्टरच्या मुलांनी केचप मागितलं. मीही जेवले. चव लागली नाही, पण ताट संपवलं. दोन दिवसांनी, शनिवारी, ती सगळी माणसं गेली आणि नवी आली, ज्यांना काही माहीत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्यांच्याशी सोपं गेलं.

मावशी जाताना म्हणाली, “चल माझ्याबरोबर. वॉटफर्डला शाळा आहेत, मी आहे. तुझा बाप हे एकटा करेल नाहीतर बंद करेल.” ती माळ्यावर माझे कपडे काळ्या पिशवीत भरायलाही लागली होती. मी ते परत काढून ठेवले. तिला वाटलं, मी बाबांसाठी थांबतेय. तसं नव्हतं. काम होतं म्हणून मी उभी होते, आणि काम सोडलं तर काय होईल हे मला माहीत नव्हतं. ती पिअरवर ओरडून म्हणाली, “मित्रा, रडून घे गं एकदा.” मी हात हलवला. आता मी तिच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहते. बाबाही माझ्याकडेच आहेत, ऐंशी पार झाले. ते घर विकलं. आता तिथे हॉलिडे फ्लॅट्स झालेत. दाराशी एक छोटी पेटी असते, फोनवर आकडा येतो, तो दाबला की किल्ली मिळते. कोणाला कोणी भेटत नाही. बाबा म्हणतात, “मजुरीच संपवली त्यांनी.”

त्या वर्षी सप्टेंबर गेला, ऑक्टोबर गेला. पाटी उतरवली, आम्ही खाली उतरलो. घरात इतक्या खोल्या होत्या की आम्ही दोघं एकमेकांना हाका मारून शोधायचो. नोव्हेंबरमध्ये आमचं गाव कसं असतं ते उन्हाळी लोकांना माहीत नसतं. कॅफेंना फळ्या ठोकलेल्या, व्हिडिओ गेमच्या आर्केडची शटर्स खाली, वाळू रस्त्यावर येऊन पडलेली आणि ती कोणी झाडत नाही. एकदा शाळेतून येताना प्रॉमनाडवर मला एक बाई भेटली. चाकांची छोटी बॅग ओढत होती, वाऱ्याने छत्री उलटी झालेली. स्वस्त तिकीट मिळालं म्हणून आली होती आणि आता काय करावं ते तिला कळत नव्हतं. चहा कुठे मिळेल, तिने विचारलं. मी म्हणाले, बंद आहे. पिअरवर काही? बंद. म्युझियम? ईस्टरला उघडेल.

“मग हिवाळ्यात इथे असतं काय?”

“काही नसतं.”

“मग तुम्ही लोक करता काय इथे?” ती चांगली बाई होती, तिने सहज विचारलं.

“आम्ही इथे राहतो,” मी म्हणाले.

आणि ते म्हणता म्हणता माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. सुरुवातीला मला वाटलं वाऱ्याने डोळ्यांत वाळू गेली. मग मी तिथे भिंतीवर बसले आणि मला थांबताच येईना. आवाज होत होता, पण तिथे कोणी झोपलेलं नव्हतं. ती बाई गोंधळली, मग छत्री बाजूला टाकून माझ्या शेजारी बसली आणि काही न विचारता माझ्या पाठीवर हात ठेवून राहिली. तिचं नाव मला माहीत नाही. नंतर मी तिला स्टेशनपर्यंत पोचवलं, कारण स्टेशनवरच्या मशीनमध्ये चहा मिळायचा.

घरी आले तर बाबा स्वयंपाकघरात होते. फक्त तेवढ्याच खोलीत हीटर चालू होता. ते बटाटे सोलत होते. माझे डोळे त्यांनी पाहिले असतील, पण ते बोलणारे नव्हते, म्हणून मीच सांगितलं. “बाबा, आज मी रडले. रस्त्यात.”

त्यांनी नळ बंद केला. हात टॉवेलला पुसले, टॉवेल नीट घडी करून ठेवला.

“बरं झालं,” ते म्हणाले. “माझं अजून व्हायचंय.”